लव्हाळ्याचा क्रॉस, तीन पानांचा शॅमरॉक आणि चौदा मुलं

गेल्या दिवाळीचा कार्यक्रम आटोपता आटोपताच ठरलं की डब्लिनमधल्या आमच्या मराठी मंडळातल्या तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी इथल्या दोन सणांना हातकामाची एकेक सकाळ ठेवायची. पहिली सेंट ब्रिजिडच्या दिवसासाठी, दुसरी सेंट पॅट्रिकच्या. दोघेही आयर्लंडचे संत. वाटलं होतं, हिरवा कागद, फेविकॉलसारखा गोंद आणि दोन तास पुरतील. प्रत्यक्षात नोव्हेंबरात सुरू झालेलं काम मार्चात संपलं. त्यातला निम्मा वेळ कागद कापण्यात नाही, कागदपत्रांत गेला. कुणी असं काही करणार असेल तर त्याला अंदाज यावा, म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे.

३ नोव्हेंबरला वस्तीतल्या कम्युनिटी हॉलकडे चौकशी केली. भाडं ताशी २० युरो. मांडामांड आणि आवराआवर धरून अडीच तास, म्हणजे एका सकाळचे ५० युरो. पण भाड्याआधी त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: मुलांचा वर्ग घेणाऱ्या मोठ्यांचं गार्डा व्हेटिंग, मंडळाच्या पब्लिक लायबिलिटी विम्याचं (कार्यक्रमात कुणाला इजा झाली तर भरपाई देणाऱ्या विम्याचं) पत्र, आणि हॉलचं बालसुरक्षा निवेदन वाचून केलेली सही.

गार्डा व्हेटिंग म्हणजे आयरिश पोलिसांकडची पडताळणी. ती आपली आपण करता येत नाही, नोंदणीकृत संस्थेमार्फतच अर्ज जातो. आमचा हॉल चालवणाऱ्या संस्थेने तो पाठवला. आधी एनव्हीबी-१ नावाचा छापील फॉर्म आणि ओळखीचे पुरावे. पुराव्यांना गुण असतात आणि बेरीज १०० व्हावी लागते. पासपोर्टला सगळ्यात जास्त गुण असतील असं वाटतं, पण तो एकटा पुरत नाही, सोबत पत्त्याचा पुरावा लागतो. विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर असेल तर ते चालत नाही, त्यामुळे आपल्या नावाचं बँकेचं स्टेटमेंट आधीच काढून ठेवावं.

१७ नोव्हेंबरला ईमेलवर लिंक आली. ती ३० दिवसच चालते. आणि इथे खरी गंमत आहे: जन्मापासून आजपर्यंत राहिलेला प्रत्येक पत्ता, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, मध्ये एकही फट न ठेवता भरायचा. ज्याचं आयुष्य एकाच आयरिश गावात गेलं त्याचं दहा मिनिटांचं काम. आपलं तसं नसतं. वडिलांच्या बदल्या, मामाकडची दोन वर्षं, हॉस्टेल, पुण्यातल्या तीन भाड्याच्या खोल्या. शेवटी बाबांना फोन लावून सगळं वहीत उतरवलं. घर क्रमांक नसलेल्या गावच्या पत्त्याला ‘मु. पो.’ आणि पिनकोड चालला. तरी एका वर्षाची फट राहिलीच, आणि अर्ज २० तारखेला परत आला. नीट करून त्याच रात्री पुन्हा पाठवला, ९ डिसेंबरला मंजुरी संस्थेकडे पोचली. सरकारी फी काही नाही. पत्त्यांची यादी आधी कागदावर करा आणि मगच लिंक उघडा, एवढं केलं तर आठवडा वाचतो. आपापल्या मुलाशेजारी बसून मदत करणाऱ्या आईबाबांना मात्र आमच्या हॉलने व्हेटिंग मागितलं नाही.

विम्याचं त्यामानाने सोपं. मंडळाची वार्षिक पॉलिसी होतीच, ६५ लाख युरोंची. पण हॉलला त्या पत्रात स्वतःचं नाव हवं होतं. ते घालून मिळायला सहा दिवस लागले.

मग काय करायचं ते ठरवणं. नेटवर आयरिश हस्तकला म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं अमेरिकेतून आलेलं असतं: सोन्याचं मडकं, लेप्रकॉन (आयरिश लोककथांतला बुटका) पकडायचा सापळा, चार पानांचं क्लोव्हर. यातलं चार पानांचं तर इथे चूकच. शॅमरॉक म्हणजे आयर्लंडचं चिन्ह असलेलं छोटं रोप, त्याला तीन पानं. ते त्रिदल दाखवून पॅट्रिकने ट्रिनिटी, म्हणजे ख्रिस्ती धर्मातला तीन रूपांतला एकच देव, समजावली, अशी आख्यायिका आहे. चौथं पान काढलं की गोष्टच मोडते. आणि पॅट्रिकचं लाडकं नाव ‘पॅडी’, ‘पॅटी’ नाही. कार्डावर ‘सेंट पॅटीज डे’ लिहिलं तर आयरिश शेजारी हसून सोडून देईल, पण त्याला ते खटकतं. म्हणून आम्ही जुन्या आयरिश घरांत खरंच होणाऱ्या गोष्टी निवडल्या.

ब्रिजिडचा दिवस १ फेब्रुवारी. २०२३ पासून त्याची सार्वजनिक सुट्टी मिळते, साधारणपणे फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. त्या दिवसाचा क्रॉस मात्र आदल्या संध्याकाळी विणतात आणि दारावर किंवा छताच्या वाशाला लावतात, घराला आग लागू नये म्हणून. तोरण बांधणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. यंदा ३१ जानेवारी शनिवारी आली, तीच सकाळ धरली.

खरा क्रॉस रशचा. पाणथळ शेतात उगवणारी ही हिरवी, गोल, गुळगुळीत काडी दिसायला आपल्या लव्हाळ्यासारखी. किलडेअरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून २९ तारखेला दोन जुड्या आणल्या. परंपरेप्रमाणे रश कापत नाहीत, उपटतात. बुडाशी धरून सरळ वर ओढली की पांढऱ्या देठासकट निघते. हाताला चरे पडतात, हातमोजे घाला. घरी आल्यावर तपकिरी फुलोऱ्याचा भाग छाटला, ४० सेंटिमीटरच्या काड्या केल्या आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्या. एक जुडी मुद्दाम उघडी ठेवून पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यातली जवळजवळ प्रत्येक काडी घडी घालताना तडकली, आत पांढरा स्पंजासारखा गर दिसायला लागला. रश ओलसर असेल तरच वाकते.

पण पाच वर्षांच्या मुलाच्या हातात रश टिकत नाही. हात सैल झाला की ती सरळ होते आणि सगळं विस्कटतं. म्हणून रशचा क्रॉस मोठ्यांनी करून दाखवायचा आणि मुलांना पाइप क्लीनर द्यायचे. तार असल्याने वाकवलेलं तसंच राहतं. १०० चं पाकीट साडेतीन युरोला मिळालं. एका क्रॉसला ३० सेंटिमीटरच्या नऊ काड्या. आठ मोठ्या मुलांना ७२ लागल्या, बाकीच्या सराव आणि नासधूस यात गेल्या.

कृती अशी. एक काडी उभी धरायची, ती सरळच राहते. दुसरी मधोमध दुमडायची आणि तिची घडी उभ्या काडीच्या मध्यावर डावीकडून अडकवायची, एक पाय पुढून, एक मागून, दोन्ही टोकं उजवीकडे. आता सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळण फिरवायचं, म्हणजे उजवीकडची टोकं वर जातात. तिसरी काडी दुमडून त्या वर गेलेल्या टोकांभोवती तशीच अडकवायची, टोकं पुन्हा उजवीकडे. पुन्हा पाव वळण. नवी काडी नेहमी वरच्या सगळ्या काड्यांना कवेत घेते आणि नेहमी उजवीकडे उघडते. आठ दुमडलेल्या काड्या संपल्या की चारही बाजूंना दोन-दोन होतात. प्रत्येक काडी मध्याकडे सरकवून घट्ट करायची आणि चारही टोकं लोकरीच्या धाग्याने किंवा छोट्या रबरबँडने बांधायची. मध्ये विणलेला चौकोन दिसला की जमलं.

घरच्या तालमीत, ११ जानेवारीला, पाच क्रॉसपैकी तीन बिघडले, आणि तिन्ही वेळा कारण तेच: एकदा उलट फिरवला, एकदा सुलट. दिशा बदलली की चौकोन बनतच नाही, काड्या नुसत्या एकावर एक चढतात. त्यावर उपाय म्हणून उजव्या मनगटाला लाल धागा बांधला. ‘काडीची शेपूट लाल धाग्याकडे’ एवढंच सांगायचं, डावं-उजवं बोलायचंच नाही. फिरवायची दिशा कागदी बशीवर बाणाने काढली. दुसरी चूक मध्य न धरण्याची. पहिल्या चार काड्यांपर्यंत मोठ्या माणसाने मध्य चिमटीत धरावा, मुलाने फक्त काडी सरकवावी. पाचवीपासून ते आपलं आपण पेलतं. म्हणजे दोन मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. पाइप क्लीनरची कापलेली टोकं टोचतात, ती आधीच आत वळवून ठेवा.

तीन-चार वर्षांच्या सहा जणांसाठी हे सगळं अवघड. त्यांना ब्रात ब्रीदं, म्हणजे ब्रिजिडचं वस्त्र. ३१ जानेवारीच्या रात्री कापडाची एक पट्टी बाहेर झुडपावर किंवा खिडकीवर ठेवतात. रात्री ब्रिजिड येते आणि त्याला हात लावून जाते, आणि मग ते कापड डोकेदुखीवर वर्षभर कामाला येतं, अशी समजूत. जुन्या सुती साडीच्या ५ बाय ३० सेंटिमीटरच्या पट्ट्या करून नेल्या. नागमोडी कात्रीने कापल्या, त्यामुळे धागे सुटले नाहीत. मुलांनी त्यावर बोटांचे ठसे उमटवले आणि आईच्या मदतीने गाठ मारून घरी नेल्या. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. त्या सकाळी सगळ्यात निवांत टेबल हेच होतं.

मोठ्यांचं टेबल तसं नव्हतं. साडेदहाला सुरू केलं. वीस मिनिटांत दोघांचे क्रॉस तयार, चौघांचे अर्धवट, आणि दोघांनी पाइप क्लीनरचे चष्मे केले. पावणेअकरापासून आवाज वाढत गेला. पोटात गोळा आला होता, कारण पुढे तासभर बाकी आणि हातात दुसरं काही नव्हतं. तेव्हा कुणीतरी उरलेली रश मुलांना दिली आणि त्यांनी ती सोलून आतला गर काढायला सुरुवात केली. पूर्वी हाच गर चरबीत बुडवून दिवे करायचे, हे सांगायला निमित्त मिळालं आणि पंधरा मिनिटं निघाली. तीन ते सात वयाला एक वस्तू वीस मिनिटांत संपली पाहिजे, आणि लवकर उरकणाऱ्यांसाठी दुसरी तयार पाहिजे.

मार्चसाठी मग तीन वस्तू ठेवल्या. १७ मार्च मंगळवारी येत होता, म्हणून १४ चा शनिवार. १५ ला इथला मातृदिन असल्याने दोन कुटुंबं आली नाहीत, मुलं बारा झाली.

पहिलं काम ढोबळ्या मिरचीचे ठसे. ऐकायला सोपं, पण मिरची निवडून आणावी लागते. मिरची उलटी करून बूड बघायचं: काहींना तीन फुगवटे असतात, काहींना चार. तीनवाल्या घ्यायच्या, नाहीतर कागदावर चार पानं उमटतात. तीन मिरच्यांचं बंद पाकीट घेतलं तर निवड करता येत नाही, सुट्या घ्या. देठापासून तीन सेंटिमीटर खाली आडवी कापली की देठाची मूठ आयती मिळते. बिया काढून कडा कागदी रुमालावर दहा मिनिटं उपड्या ठेवायच्या. ओल्या मिरचीवर रंग पातळ होतो, ठसा घसरतो आणि हिरवा डाग पडतो. रंग बशीत ओतू नये, भांडी घासायच्या नव्या स्पंजावर पसरावा आणि मिरची त्यावर टेकवावी. शॅमरॉकचा देठ जाड पुठ्ठ्याच्या कडेने उमटवायचा. चार मिरच्या बारा मुलांना पुरल्या. (रंग लागलेली मिरची भाजीत जात नाही, हे एका आजींना अजून पटलेलं नाही.)

दुसरं, पट्ट्यांचा शॅमरॉक. १६० जीएसएमचा (कागद किती जड त्याचा आकडा) हिरवा कार्डशीट, २ बाय २० सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या. प्रत्येक पट्टी मध्ये दुमडायची आणि दोन्ही टोकं आत वळवून एकमेकांना चिकटवायची, बदाम तयार होतो. तीन बदामांची टोकं एकत्र जोडली की तीन पानं, खाली चौथी छोटी पट्टी देठाला. साधा कागद घेतला तर बदाम लुळा पडतो, २०० च्या वरचा कार्डशीट घेतला तर घडीवर फुटतो. गोंदाची कांडी इथे कामाची नाही, कारण कागद उसळी मारून लगेच सुटतो. तालमीत प्रत्येक जोडाला कपड्यांचा चिमटा लावून दोन मिनिटं थांबावं लागलं, आणि दोन मिनिटं हा चार वर्षांच्या मुलासाठी फार मोठा काळ असतो. शेवटी डबल साइड टेपचे तुकडे आदल्या रात्रीच पट्ट्यांवर लावून ठेवले, मुलांनी फक्त वरचा कागद सोलला. स्टेपलर मोठ्यांच्याच हातात, आणि पिनांवर चिकटपट्टी.

तिसरी वस्तू पाच वर्षांपुढच्यांसाठी, पॅट्रिकचा बिल्ला. शंभरेक वर्षांपूर्वी इथली मुलं त्या दिवशी हाताने केलेले बिल्ले छातीला लावत. मुलगे करकटकाने कागदावर वर्तुळ काढून रंगवत, मुली पुठ्ठ्याच्या क्रॉसला रेशीम किंवा रिबीन गुंडाळत. आम्ही मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. पुठ्ठ्याच्या ८ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या, मध्ये टेप, एका बिल्ल्याला साधारण दीड मीटर अरुंद रिबीन. सुरुवातीचं टोक टेपने पक्कं केलं नाही तर तिसऱ्या वेढ्याला सगळं सुटतं.

झेंडाही केला, कारण तो हमखास चुकतो. २६ जानेवारी नुकतीच झालेली, त्यामुळे मुलांचा हात आपोआप केशरी वर, हिरवा खाली असा जातो. आयरिश झेंडा उभ्या पट्ट्यांचा, काठीला लागून हिरवा, मग पांढरा, मग केशरी. उलटा लावला तर तो आयव्हरी कोस्टचा होतो. २४ बाय १२ सेंटिमीटरचा पांढरा कागद, त्यावर ८ बाय १२ चे दोन रंगीत तुकडे. काठी आधी चिकटवून हिरवा तुकडा तिच्याशेजारी ठेवायला सांगितलं, मग कुणाचंच चुकलं नाही. १८४८ साली वॉटरफर्डमध्ये थॉमस फ्रान्सिस मार यांनी हा तिरंगा पहिल्यांदा फडकवला. पांढरा म्हणजे हिरव्या (कॅथलिक) आणि केशरी (प्रोटेस्टंट) गटांमधली शांतता. एवढं सात वर्षांच्या मुलांनी ऐकून घेतलं, लहानांनी नाही.

साहित्याचा खर्च दोन्ही वेळचा मिळून ४६ युरो: कार्डशीट, रंग, रिबीन, टेप, पाइप क्लीनर, मिरच्या. हॉलचे १००. मीठ आणि कणकेचा खेळ ठेवायचा विचार सोडून दिला, कारण एका मुलाला सीलिअॅक (गहू अजिबात न चालण्याचा आजार) आहे आणि कणीक हाताची तोंडात जायला वेळ लागत नाही. फोटोंसाठी पालकांची लेखी परवानगी दारातच घेतली. दोघांनी नाही म्हटलं, त्यांच्या मुलांना हिरवा स्टिकर लावला, म्हणजे फोटो काढणाऱ्याला कळलं.

१७ तारखेला संचलनाला पाऊस आला. दोघींनी घरी हौसेने बिल्ल्याला हिरव्या क्रेप कागदाची झालर लावली होती. भिजल्याबरोबर तिचा रंग पांढऱ्या शर्टावर उतरला आणि धुऊनही पूर्ण गेला नाही. कपड्याला लागणारी कुठलीही गोष्ट क्रेप कागदाची करू नये, फेल्ट किंवा रिबीन घ्यावी. टेप तर पावसाळी कोटाच्या कापडावर टिकतच नाही, सेफ्टी पिनच हवी, आणि ती मोठ्यांनी लावायची. पट्ट्यांचे शॅमरॉक काठीला बांधलेले होते ते मात्र ओले होऊनही आकार धरून राहिले.

दोन दिवसांनी, १९ ला, गुढीपाडवा होता. उरलेली हिरवी रिबीन आणि दोन केशरी कार्डशीट छोट्या गुढ्यांना कामी आले, त्यासाठी वेगळी खरेदी झाली नाही.

रशचा क्रॉस अजून दारावर आहे, वाळून सोनेरी झालेला. बांधलेली टोकं वाळल्यावर आक्रसतात आणि रबरबँड सैल पडतो, म्हणून महिन्याभराने सुतळीने पुन्हा बांधावी लागली. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारी सोमवारी येते, म्हणजे आदला दिवस रविवार, आणि आमचा हॉल रविवारी बंद. ३० जानेवारीच्या शनिवारचं बुकिंग करून ठेवलं आहे. व्हेटिंगसाठी नव्या दोन आयांनी पत्त्यांची यादी करायला घेतली आहे.